अक्षराच्या पोटातला काळा चेहरा

डोळे मीट बरं जरा. आता एक खोली डोळ्यांपुढे आण. दगडी भिंती, उत्तरेला तीन उंच खिडक्या, आणि विस्तव पेटवायला सक्त मनाई, कारण एक ठिणगी उडाली तर वर्षानुवर्षं लिहिलेली पुस्तकं जळून खाक होतील. बाहेर धुकं दाटलंय. तुझी बोटं गारठलीत. समोरच्या मेजावर लाकडाचं एक बसकं झाकण पालथं घातलंय. त्याच्याखाली काल रंगवलेलं पान वाळतंय. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते झाकण उचलायचं, हे तुझं काम.

याच झाकणाखाली याआधी दोनदा भयंकर काहीतरी निघालंय.

उचलशील?

लोनियानं उचललं. नासक्या अंड्यांसारखा एक भपका तिच्या नाकात शिरला. तिनं पानाकडे पाहिलं, आणि झाकण तिच्या हातून धाडकन खाली पडलं.

पानावर ‘ओ’ हे अक्षर होतं, मोठ्या माणसाच्या पंजाएवढं. त्याच्या गोल अंगावर सोन्याचा वर्ख झळाळत होता. अक्षराच्या पोटात संत अपोलोनिया उभी होती. निळा झगा, डोक्यावर पांढरा रुमाल, हातात सांडशी, आणि सांडशीत उपटलेला एक दात. दुष्टांनी दात उपटून तिचा छळ केला, म्हणून दाढ दुखली की लोक तिचाच धावा करतात. काल संध्याकाळी तिचा चेहरा दुधासारखा होता. आता तो तव्याच्या बुडासारखा काळा ठिक्कर पडला होता. डोळे नाहीत, तोंड नाही. तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

लोनियाचं पूर्ण नाव अपोलोनिया होतं.

आधी संत बार्बराचा चेहरा काळा झाला होता, आणि मठात धुणं धुणारी बार्बरा तापानं फणफणली होती. मग संत आगाथाचा. ते बघून आगाथाताई जी कोसळली, ती अजून खाटेवरून उठली नव्हती. आता हे तिसरं पान. आणि वितेर्बो गावाजवळच्या डोंगरातल्या त्या मठात अपोलोनिया नावाचं एकच माणूस होतं, दहा वर्षांचं.

लोनियानं जिभेनं दात चाचपले. खालचा एक हलत होता. काल हलत नव्हता. निदान तिला तसं वाटलं.

आवाज ऐकून पहिली धावत आली ती ओर्सिनाताई. पानांच्या कडेला वेली, पक्षी, ससे काढायचं काम तिचं. तिच्यामागून स्वयंपाकघरातली पाचीनामाई आली, हातात पळी तशीच. तिनं पान पाहिलं आणि पळीनंच छातीवर क्रुसाची खूण केली.

“गेली! पोर गेली!”

“पाचीनामाई, मी इथेच आहे,” लोनिया कशीबशी म्हणाली.

“आत्ता आहेस गं, आत्ता!”

सगळ्यांत शेवटी इमेल्दामाई आली. मोठी अक्षरं, सोनं आणि चेहरे तिच्या हातचे. तान्ही लोनिया एका टोपलीत मठाच्या दाराशी सापडली, तेव्हा हीच माई तिला आत घेऊन आली होती. तिनंच तिला चालायला शिकवलं, मग रंग घोटायला. माईनं पान पाहिलं, तिचा चेहरा पडला, आणि तिनं लोनियाला जवळ घ्यायला हात पुढे केला.

लोनिया मागे सरकली. तिनं ठरवून केलं नाही. पाय आपोआप मागे गेले. पण ते सगळ्यांनी पाहिलं.

“बघा!” कुणीतरी कुजबुजलं. “लेकरांना कळतं.”

मग मठाच्या प्रमुख आल्या. त्यांना सगळ्या ‘मोठ्या आई’ म्हणत. जाडजूड, सावकाश चालणाऱ्या, गुडघेदुखीनं बेजार. गळ्यात चांदीचा क्रूस. गेल्या सुगीत त्या डोंगराखालच्या गरम कुंडात गुडघे शेकायला गेल्या, तेव्हा तो काळा पडला होता. राखेनं घासघासून उजळला, पण नक्षीच्या खाचांत काळं राहिलंच होतं. त्या वेळी पाचीनामाई हसून म्हणाली होती, “मोठ्या आईंची पापं बाहेर आली!” आज कुणी हसत नव्हतं.

“चेटूक आहे हे!” मागून आवाज आला. “चेहरे तीच काढते. चेहरे तीच मारते!”

“इमेल्दा,” मोठ्या आई म्हणाल्या, “काल झाकण कुणी घातलं?”

“मी.”

“त्यानंतर कुणी आलं?”

“माहीत नाही. प्रार्थनेची घंटा झाली, मी गेले. या खोलीला कुलूप कधी असतं?”

“चेहऱ्याला तू काय केलंस?”

“काढला, मोठ्या आई. चांगला काढला होता. तुम्ही बघायला हवा होता.”

बायकांचा गलका वाढला. शेवटी मोठ्या आईंनी इमेल्दामाईला फळांच्या कोठीत बंद करायला सांगितलं. संध्याकाळच्या घंटेला बिशपकडे घोडेस्वार जाणार होता. चेटकाच्या आरोपावरून बिशपकडे नेलेलं माणूस परत आलेलं लोनियाला तरी आठवत नव्हतं.

“आता तू,” मोठ्या आई लोनियाकडे वळल्या. “बिशप विचारतील, म्हणून मी विचारते. इमेल्दानं तुझं काही वाईट केलंय असं तुला वाटतं का?”

“हो म्हण गं,” पाचीनामाई डोळे पुसत म्हणाली. “तू नाव घेतलंस की शाप उतरतो. माझी आजी सांगायची.”

“म्हण आणि मोकळी हो,” ओर्सिनाताई हळूच म्हणाली.

एक शब्द. एका शब्दानं आपण वाचू. तो जिभेवर आलाही होता. पण पानावरच्या आपल्या संताचं किती काळं झालंय, ते तिला आधी बघायचं होतं. नुसता चेहराच, की गळाही? की खाली खाली सरकतंय?

“मला पान परत बघू द्या,” ती म्हणाली. “मग सांगते.”

ती मेजाशी गेली. चेहरा काळा. रुमाल काळा. सांडशी धरलेले हात काळे. निळा झगा जसाच्या तसा. सोनं जसंच्या तसं.

आणि दात? दात पांढरा होता. पांढरा शुभ्र.

लोनिया वाकून बघत राहिली. भीती गेली नाही, पण तिच्या शेजारी आता कुतूहल येऊन बसलं.

“मोठ्या आई, दात पांढरा आहे.”

“बरं मग?”

“तो मी रंगवलाय.”

“काय?”

“चेहऱ्याला माई शिशाचा सफेदा लावते. मला त्याला हात लावू देत नाही, कारण तो विषारी असतो आणि मी कुंचला तोंडात घालते. म्हणून माझा पांढरा वेगळा आहे. चाळीस दिवसांचा उपास लागायच्या आधीच्या जेवणातली कोंबडीची हाडं जाळून आम्ही तो केला. माई म्हणाली, दात तुझ्या हाताला बसेल, काढ.”

मोठ्या आई पानावर वाकल्या.

“म्हणजे या शापाला कोंबडी चालत नाही,” त्या म्हणाल्या. “पाचीना, तुझ्या आजीनं असं काही सांगितलं होतं?”

“नाही बाई!”

“शाप माणूस बघून लागतो. रंग बघून लागलेला मी ऐकला नाही. पाचीना, नीट आठवून सांग. बार्बराला ताप कधी आला?”

“चेहरा काळा झाला तेव्हाच! सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तिला खाटेवर जेवण कोण नेतं?”

“मीच. कांद्याचं सार नेलं पहिल्यांदा.”

“त्या दिवशी चेहऱ्याची बातमी कळली होती?”

पाचीनामाई बोटांवर दिवस मोजायला लागली. “नाही... बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. माझ्या हातून चाळणी पडली तेव्हा.”

“म्हणजे ताप आधी. चेहरा नंतर.”

“अगं बाई!”

“आणि आगाथा? तिला ताप आहे?”

“ताप नाही. पण खात नाही, बोलत नाही. घाबरलीय नुसती.”

“म्हणजे शापानं अजून कुणालाच काही केलेलं नाही. जे केलं ते घबराटीनं.”

लोनियाला क्षणभर हायसं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला. शाप नसेल, तर हे माणसानं केलंय. दिव्यानं काजळी धरली असती तर दातही काळा झाला असता. म्हणजे कुणीतरी फक्त सफेदाच काळा करायची युक्ती शोधलीय. आणि ते माणूस आपल्यातच आहे. कदाचित या घोळक्यात. कदाचित आपल्या मागेच.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

“मोठ्या आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “झाकण उचललं तेव्हा नासक्या अंड्यांचा वास आला.”

“त्यात काय?” ओर्सिनाताई म्हणाली. “रंग धरायला अंड्याचं पांढरंच घालतो आपण. शिळं झालं असेल.”

“माझी अंडी शिळी?” पाचीनामाई उसळली. “उपासात एक अंडं कुणी खात नाही, कोंबड्या थांबत नाहीत, टोपल्या भरून वाहतायत! परवाच ताजी दिलीत!”

लोनियानं इमेल्दामाईच्या मेजावरचं अंड्याचं मडकं नाकाशी नेलं. काही वास नव्हता. मग तिनं मोठ्या आईंसमोर धरलं. त्यांनी हुंगलं, मान हलवली, आणि त्यांचा हात नकळत गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. बोट खाचांतल्या काळ्यावरून फिरलं.

दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं.

“गरम कुंड,” मोठ्या आई पुटपुटल्या. “गंधकाचं पाणी. पाचीना, आजाऱ्यांना शेकायला आणलेलं पाणी आहे ना?”

“रांजणभर आहे, बूच लावून. उघडला की घरभर घाण सुटते.”

“कोण घेऊ शकतं?”

“कोणीही. घाणीची चोरी कोण करणार?”

मग त्यांनी एक प्रयोग केला. पानं कातड्याचीच असत; तसल्या एका कातरणावर लोनियानं दोन ठिपके दिले. पहिला सफेद्याचा, पण आधी मोठ्या आईंनी तिच्याकडून कुंचला तोंडात न घालण्याची शपथ घेतली. दुसरा हाडांच्या पांढऱ्याचा. शेजारी वाटीभर कुंडाचं पाणी ठेवलं. पण वाटीवर झाकण बसेना. ते इतकं बसकं होतं की वाटीवर अडकून डुगडुगायला लागलं.

“मग त्या रात्री वाटी आत मावली कशी?” पाचीनामाईनं विचारलं.

“ते नंतर,” मोठ्या आई म्हणाल्या. “कोबीचं पातेलं आण, ते पालथं घालू. आणि कुणीही हात लावायचा नाही. मी इथे बसते.”

आता वाट बघायची. लोनिया अंगणाभोवतीच्या ओवरीत खांबाला टेकून उभी राहिली. धुकं अजून विरलं नव्हतं. पलीकडे घोडेस्वार खोगीर कसत होता. फळांच्या कोठीतून काही आवाज येत नव्हता, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

खांबामागून एक हात तिच्या खांद्यावर पडला.

“घाबरलीस?” ओर्सिनाताई होती. ती हसत होती, पण बोटं घट्ट रुतली होती.

“नाही.”

“घाबरायला हवं. उगाच कशाला या भानगडीत पडतेस? शिंपलीभर पाण्यानं कुठे चेहरे काळे होतात का? प्रयोग फसला की सगळ्या म्हणतील, तूही तिच्यातलीच. मग तुलाही त्या घोड्यामागून पाठवतील. मोठ्या आईंना जाऊन ‘हो’ म्हण. अजून वेळ आहे.”

हात निघून गेला. खांद्यावर बोटांचं दुखणं तेवढं राहिलं. लोनिया जागची हलली नाही. तिला रडू येत होतं. आणि त्या रडण्याच्या आत एक शब्द सारखा टोचत होता.

ती धावत लिहायच्या खोलीत गेली. मोठ्या आई बाकावर पेंगत होत्या. लोनिया ओर्सिनाताईच्या मेजापाशी थांबली. नदीतल्या छोट्या शिंपल्यांत रोजचे रंग होते, लाल, हिरवा, पिवळा. शेजारी तिचा एक मोठा, पंख्यासारखा शिंपला होता. तिचा भाऊ स्पेनच्या यात्रेहून आला तेव्हा त्यानं तो आणला होता. एरवी त्यात लाल रंग असायचा. आज तो रिकामा होता. लोनियानं तो उचलून रिकाम्या मेजावर ठेवला, आणि त्यावर ते बसकं झाकण घातलं.

झाकण अलगद बसलं.

उन्हं कलल्यावर मोठ्या आईंनी सगळ्यांना बोलावलं आणि पातेलं उचललं. वासानं सगळ्यांनी नाकाला बाह्या लावल्या. कातरणावर हाडांचा ठिपका पांढराच होता. सफेद्याचा काळा.

कुणी ओरडलं नाही. पाचीनामाईनं फक्त “देवा” म्हटलं.

“बोल, लोनिया,” मोठ्या आई म्हणाल्या. “इथे ये, माझ्याजवळ उभी राहा आणि बोल.”

लोनिया मोठ्या आईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “सफेद्यात शिसं असतं. कुंडाच्या वाफेनं ते काळं होतं, मोठ्या आईंच्या चांदीसारखं. हाडांचा पांढरा होत नाही. कुणीतरी झाकणाखाली ते पाणी ठेवायचं आणि माझ्या आधी येऊन काढून न्यायचं. वास तेवढा आत राहायचा.”

“आणि पाणी कशात ठेवायचं? वाटी मावत नाही.”

“मावत नाही. आपण सगळ्या सकाळपासून वाटी, वाटी म्हणतोय. पण ओवरीत एकजण मला म्हणाली, शिंपलीभर पाण्यानं काय होतंय.” तिनं श्वास घेतला. “तिला कसं कळलं की शिंपला होता?”

कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“नदीतल्या शिंपल्यांत थेंबभर पाणी मावतं. झाकणाखाली मावेल आणि पाणीही धरेल असा एकच शिंपला इथे आहे.”

मोठ्या आईंनी तो मोठा शिंपला खिडकीपाशी नेला. त्याच्या पन्हळींत अंगठा फिरवला. पांढरट, खरखरीत पुटं बसली होती. रंग असता तर पाण्यानं निघाला असता.

“पाचीना, हे कशाचं?”

“रांजणाच्या तळाशी बसतं तेच,” पाचीनामाई म्हणाली. “कितीही घासा, जात नाही मेलं.”

“ओर्सिना,” मोठ्या आई म्हणाल्या.

ओर्सिनाताई बाकावर बसली.

“पहिल्यांदा मी मुद्दाम नाही केलं,” ती म्हणाली. “बोटं आखडतात माझी. सकाळी तर मिटतच नाहीत. इमेल्दामाईला कळलं असतं तर मला चेहरे काढायला कधीच मिळाले नसते. म्हणून शिंपल्यात कुंडाचं पाणी घेऊन चोरून बोटं बुडवत होते. घंटा झाली, कुणीतरी येत होतं, मी शिंपला झाकणाखाली सरकवला. सकाळी पाहते तो बार्बराचा चेहरा... मीही घाबरले. खरंच घाबरले. मग सगळ्या बार्बराच्या तापाबद्दल बोलायला लागल्या आणि इमेल्दामाईकडे बघायला लागल्या. मी गप्प बसले.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा ठेवला. कालही.” तिनं मान वर केली नाही. “वीस वर्षं मी पानाच्या कडेला ससे काढतेय, मोठ्या आई. ससे आणि वेली. चेहरा मागितला की दर वेळी इमेल्दामाई म्हणते, पुढच्या पुस्तकात बघू.”

“तिला बिशपकडे नेलं असतं. ते माहीत होतं ना?”

ओर्सिनाताईनं आखडलेली बोटं झग्यात लपवली.

“आणि या पोरीचं नाव पानावर होतं. ती मरायच्या भीतीनं अर्धी झालीय.”

“तिचा मी विचारच केला नाही,” ओर्सिनाताई म्हणाली.

लोनियाला ते सगळ्यांत भयंकर वाटलं. रागापेक्षाही.

मोठ्या आईंनी घोडेस्वाराला खोगीर उतरवायला सांगितलं आणि ओर्सिनाचं काय करायचं ते उद्या सर्वांसमोर ठरेल असं जाहीर केलं. मग कमरेची किल्ली सोडून लोनियाच्या हातावर ठेवली.

कोठीचं दार उघडलं तेव्हा इमेल्दामाई सफरचंदांच्या पेट्यांवर बसली होती. लोनियानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि सगळं एका दमात सांगितलं. माई शेवटपर्यंत ऐकत होती.

“वीस वर्षं म्हणाली?” तिनं विचारलं.

“हो.”

“हात दुखतात म्हणाली?”

“हो.”

माईनं स्वतःच्या रंगानं माखलेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला वाटायचं, तिचा हात कापतो. मी कधी विचारलं नाही का कापतो ते.” आणि लोनियाचे केस सारखे करत उठली. “चल. चेहरा खरवडून काढावा लागेल. उजेड आहे तोवर.”

त्या दोघी लिहायच्या खोलीपाशी आल्या, तेव्हा बाकीच्या प्रार्थनेला निघून गेल्या होत्या. ओर्सिनाताई एकटीच बाकावर बसली होती. जाताना प्रत्येकीनं तिच्यापासून आपला झगा आवरून घेतला होता. माई दारातच थबकली.

लोनियाचा खांदा अजून ठणकत होता. त्या बाकापर्यंत जायची तिची हिंमत नव्हती. तिनं माईचा हात घट्ट धरला, एक पाय उंबरठ्याच्या आत ठेवला, दुसरा बाहेरच ठेवला, आणि विचारलं,

“ताई, फार दुखतात का गं बोटं?”